डब्यावरचा हात

रविवार, २ नोव्हेंबर

आज कार्ट्यांना चांगलंच धारेवर धरलं! उपासना संपल्यावर तरुण संघाची सगळी टाळकी चर्चच्या मागच्या खोलीत कोंबली आणि विचारलं — शाळेत डबा खायच्या आधी प्रार्थना कोण करतं? सगळे आपापल्या चपला बघायला लागले. एक हात वर नाही! घरी आई समोर बसलेली असते म्हणून करतात. शाळेत मात्र यांची आणि देवाची ओळखच नाही.

मी म्हटलं, माझ्याकडे बघा. मी एस.टी.ची कंडक्टर. लातूर स्टँडवर हजार माणसं येजा करतात. तरी डबा उघडला की मी डोळे मिटतेच. खाल्लं का मला कोणी? तर या आठवड्याचा गृहपाठ — डबा उघडायचा, नाव घ्यायचं, मगच घास. लाजायचं नाही!

सत्यम म्हणाला, "ताई, पोरं हसतेत."

"हसू दे. दात घासून आलेले असले म्हणजे झालं."

यावर लई हसले. सृष्टी सगळ्यात जास्त. ही पोर हसली की रस्त्यावर ऐकू जातं. नववीत आहे, पण ढोलकी अशी वाजवते की पाळकसाहेबसुद्धा नकळत मांडीवर ठेका धरतात. या पोरांसाठी रविवारची सुट्टी मी डेपोत दर वेळी भांडून घेते, ती उगाच नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नांदेडची जादा गाडी. गुरुद्वाऱ्याला जाणाऱ्यांची ही गर्दी! तिकिटं फाडून फाडून — आता मशीन आहे, पण तोंडात फाडणंच बसलंय — घसा बसला. आमचे ड्रायव्हर शेषेराव म्हणाले, "बरं झालं बाई. आज गाडीत जरा शांतता हाय."

रविवार, ९ नोव्हेंबर

गृहपाठ तपासला. हसून हसून पोट दुखतंय अजून.

सत्यम उभा राहिला, तोंड एवढंसं. "ताई, मी डोळे मिटले, मनापासून म्हणलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर अंडं गायब!"

बाकावरचा शेजारी घेऊन पळाला होता. पूर्ण अंडं! सगळी खोली लोळली. सत्यम बिचारा विचारतोय, प्रार्थना थोडकी केली तर चालंल का?

मी म्हटलं, थोडकी कशाला? डबा मांडीवर घ्यायचा. झाकण लावायचं. वर हात ठेवायचा, घट्ट. मग खुशाल डोळे मिटा. सगळ्यांकडून करूनही घेतलं. डबे नव्हते तर मांडीवर गाण्याच्या वह्या. हात घट्ट, डोळे मिटलेले. काय पण फौज! सृष्टीनं तर वही अशी दाबली होती, जणू तिच्यातलंच अंडं पळून जाणार आहे.

खूश होऊन घरी आले. शिकवण्याचं कसब आहे बाई माझ्यात!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

संध्याकाळच्या फेरीला मागचं बाक गप्प. रोज त्या बाकावर सृष्टी, तिच्याच गावची राजनंदिनी — गावाच्या पाटीवर, गाडीच्या थांब्यावर, हॉटेल असलेल्या माणिकप्पांची लेक — आणि आणखी दोघी, अशा एकीच्या मांडीवर एक बसून कलकलाट करतात. मी रोज ओरडते, ए मागच्या, गाडी हाय का जत्रा? आज ओरडायला कारणच नाही. तिघी मागं, हळू आवाजात. सृष्टी एकटी, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, दप्तर पोटाशी धरून.

पास दाखवला, पण वर बघितलं नाही. म्हटलं, बरं नाही का गं? "हाव." एवढंच.

रविवार, १६ नोव्हेंबर

सृष्टी उपासनेला नाही. तिची आई सिंधुवहिनी मला फाटकात गाठून म्हणाल्या, "एस्तेरताई, पोरगी डबा हाय तसा वापस आणून राहिली. इचारलं तर भूक न्हाई म्हणती. माझ्याशी बोलंना. तुमच्याशी बोलंल."

उद्या बघते.

सोमवार, १७ नोव्हेंबर

तिकिटं झाल्यावर तिला माझ्या सीटवर शेजारी बसवून घेतलं. आधी खिडकीकडे तोंड. मग बांध फुटल्यासारखी बोलली.

चौघींचे डबे रोज मध्ये एकत्र मांडलेले असतात. कोणाचा कोणता, कोणी बघत नाही. सृष्टीनं मागच्या सोमवारी आपला डबा मांडीवर घेतला, हात ठेवून डोळे मिटले. पहिल्या दिवशी बाकीच्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी राजनंदिनी म्हणाली, "काय गं, आमचा हात लागंल म्हणून झाकून राहिलीस? आमचा इटाळ होतो का तुझ्या देवाला?" तिसऱ्या दिवशी ही पोचायच्या आतच तिघी बसल्या होत्या. हिच्याकडे पाठ करून. स्नेहसंमेलनाच्या नाचातूनही काढलं — "तू तुझ्या चर्चमधीच नाच." आता वर्गात हिचं नावच पडलंय. आमेन. आमेन आली, आमेन गेली.

"ताई, मला येशू नको असं न्हाई," म्हणाली. "पण मला मैत्रिणी बी पाह्यजेत ना? दोन्हीतलं एकच मिळणार असंल तर — मी न्हाई येणार आता संघात. डब्यावर बी न्हाई म्हणणार काही. कुटंच न्हाई म्हणणार."

तिची पाटी आली. मी घंटी द्यायलाच विसरले. शेषेरावांनी आपणहून गाडी थांबवली.

माझं डोकं असं तापलंय! देवाचं नाव घेतलं म्हणून पोरीला वाळीत टाकता? माझ्या पोरीला?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उद्या शाळेत जाऊन एकेकीला बघतेच. हे म्हणाले, खाकी घालून जाऊ नकोस, पोलीस आले म्हणून पोरी पळून जातील.

गुरुवार, २० नोव्हेंबर

शाळेत गेले नाही. रात्रीत डोकं निवलं. मी भांडून आले असते तर सृष्टीचीच आणखी फजिती झाली असती.

त्यापेक्षा तिलाच धीर देऊ म्हटलं. आज गाडीत तिला सगळं सांगितलं — विश्वासासाठी जीव देणारे रक्तसाक्षी कसे झाले, कुणी कुणी काय काय सोसलं, विश्वासाची परीक्षा कशी असते. पाटी येईपर्यंत थांबले नाही. तिनं ऐकून घेतलं. उतरताना म्हणाली, "तुमाला बरंय ताई. गाडीतून कुणाला उतरवायचं ते तुमच्या हातात हाय. मला तर माझ्याच वर्गातून उतरवलंय."

सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या कुणालाही मी उत्तर देते. हिला मात्र नुसती घंटी दिली. घरी येऊन रडले थोडी. कांदा चिरत होते म्हणून बरं.

ही पोर गेली हातातून तर मला फार लागेल. संघातलं एक नाव कमी होईल म्हणून नाही. ती देवाशी बोलायचं बंद करेल आणि ते मी दिलेल्या गृहपाठापासून सुरू झालेलं असेल, म्हणून.

शनिवार, २२ नोव्हेंबर

अगं बाई! अगं बाई! मी केवढी गाढव!

दुपारी लातूर स्टँड. नेहमीप्रमाणे इंजिनाच्या बोनेटवर पेपर पसरला, दोघांचे डबे उघडून मध्ये ठेवले. शेषेरावांच्या घरची ज्वारीची भाकर आणि ठेचा, माझी अंबाडीची भाजी. आज माझं मनच लागत नव्हतं. तशीच भाकर मोडली. तर शेषेराव हात आखडून बसलेले.

"आज नाव न्हाई घ्यायचं का बाई? का मी तसंच खाऊ?"

म्हटलं, तुमचं तुम्ही खा की, तुम्हाला कोणी अडवलंय?

"आता! रोज तर म्हणता, ह्या अन्नाला आशीर्वाद दे म्हणून. त्यात माझी भाकर न्हाई व्हय?"

मी मोडलेली भाकर परत ठेच्यावर ठेवली. इतकी वर्षं दोघांचे डबे उघडे, मध्ये. मी डोळे मिटते, ते टोपी काढून थांबतात. कधी माझ्या आधी आमेन म्हणून मोकळे होतात, भूक लागली असली की! मी कधी डबा मांडीवर घेतला? कधी झाकणावर हात ठेवला?

झाकणावर हात मी अंड्यासाठी सांगितला होता! सत्यमच्या अंड्यासाठी! आणि ही भाबडी पोर तो हात घेऊन मैत्रिणींच्या गोलात गेली. त्या बिचाऱ्यांना वाटणार नाही तर काय, आमच्यापासून झाकते म्हणून? त्यांना देव टोचलाच नाही. हात टोचला.

मी कपाळावर हात मारून घेतला. हाताला ठेचा होता. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि शेषेराव घाबरून पाण्याची बाटली शोधतायत!

रविवार, २३ नोव्हेंबर

उपासना झाल्या झाल्या सृष्टीच्या गावी. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठायला लागली, मी हात धरून बसवलं आणि मीही सोलायला बसले.

म्हटलं, चूक तुझी नाही, त्या पोरींची नाही. माझी आहे. तो हात अंड्यासाठी होता गं!

हातातली शेंग तशीच खाली टाकली. मग जी हसली! सिंधुवहिनी घरातून पळत आल्या. तिला हसताना ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. नुसतं छान वाटलं.

मग पुन्हा शेंग उचलली. "मी त्यांना सांगितलं तर घेतेल का मला?"

जिभेवर 'हो' आलं होतं. गिळलं. पोरीला खोटं तिकीट द्यायचं नाही. म्हटलं, ठाऊक नाही. घेतलं तर उत्तम. नाही घेतलं तरी तू डबा उघडाच ठेव. एकटी बसलीस तरी. आणि नाव घे, आणि घेताना त्यांच्याही घासासाठी माग.

"ज्या पाठ करून बसतेत त्यांच्यासाठी?"

"हाव."

"लई अवघड काम सांगून राहिलात ताई."

"मलाही जमत नाही. तू करून बघ आणि मला शिकव."

संघात येणार का, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. निघताना ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सांगितलं तिनं. माफीही मागितली. अंड्याची गोष्टही सांगितली. बाकीच्या दोघी हसल्या म्हणे. पण राजनंदिनी म्हणाली, "राहू दे. आमच्यासाठी काही मागू नको तुझ्या देवाजवळ." आणि पुन्हा पाठ.

सृष्टी दप्तराचा बंद ओढत सांगत होती. पण डबा उघडा ठेवला म्हणाली. एकटीच बसली पाण्याच्या टाकीजवळ. तरी दोन शब्द म्हणाली.

दोन शब्द! पोरी, तुला कळतंय का तू काय केलंस?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

देवा, त्या राजनंदिनीला एकदा चांगली ठेच लागू दे. — नको, नको! खोडलं. खोडलं समज.

मंगळवार, २ डिसेंबर

सृष्टीनं गाडीत उडीच मारली! पाय ठेवायच्या आधी आवाज — "ताई! आज रडू न्हाई आलं!"

टाकीजवळ आणखी एक पोरगी रोज एकटी जेवते. जिक्रा. यंदाच देगलूरकडून आलीय, बोलण्यात तेलुगू येतं म्हणून वर्गात कोणी धड बोलत नाही. सृष्टी इतके महिने तिच्या वर्गात, पण मैत्रिणींच्या गोलात बसून तिला कधी दिसलीच नव्हती. काल हिनं बघितलं, ती पण खायच्या आधी ओठ हलवते. विचारलं तर म्हणाली, बिस्मिल्ला म्हणते.

"मग आज ती तिचं म्हणली, मी माझं म्हणले, आन् डबे मधी! ताई, तिच्याकडं खट्टी दाल होती. लई म्हणजे लईच भारी!"

आणि मग हळूच, "राजनंदिनीसाठी बी म्हणते रोज. पयल्यांदा दात खाऊन म्हणायचे. आता आपोआप निघून राहिलं."

मी आनंदानं घंटी ओढली. दोनदा. गाडी आधीच चालत होती! शेषेराव पुढून ओरडले, "अजून किती पळवू बाई?"

रविवार, ७ डिसेंबर

ढोलकी वाजली! आम्ही नाताळाची गाणी बसवायला घेतली आणि ती दारातून सरळ आत आली, ढोलकीवरचं पोतं काढलं, ती पुढ्यात ओढली.  पाळकसाहेब उगाच डोळ्यांतला कचरा काढत होते.

नंतर तिनं आपणहून सगळ्यांना सगळं सांगितलं. सत्यमला मोठा धक्का. "म्हणजे हे सगळं माझ्या अंड्यामुळं?" त्याचं अंडं मात्र आता सुखरूप आहे. तो शेजारी आमेन होईपर्यंत थांबतो म्हणे. मग अर्धं मागून घेतो.

शनिवार, १३ डिसेंबर

सिंधुवहिनींकडे फराळ. मी करंज्या लाटल्या, सृष्टीनं भरल्या, जिक्रानं तळल्या. जिक्राची आई सोडत नव्हती, सृष्टी जाऊन घेऊन आली तिला. जिक्राच्या निम्म्या करंज्या कढईत उघडल्या आणि सारण तेलात! वहिनी म्हणाल्या, "र्‍हाऊ दे गं, फुटलेल्या घरात खायच्या." त्याच सगळ्यात आधी संपल्या. मीच जास्त खाल्ल्या.

शनिवार, २० डिसेंबर

संध्याकाळी सृष्टीच्या गावात गाणी म्हणत फिरलो. पाटीवर माणिकप्पांनी अडवलं — "आमच्या हाटेलापुढं बी एक होऊ द्या की! का आमी परके?" सगळ्यांना चहा. गिऱ्हाइकं भजी सोडून टाळ्या वाजवायला लागली. आतल्या दाराचा पडदा हलत होता. राजनंदिनी बाहेर काही आली नाही.

सृष्टी तोंड त्या पडद्याकडे करून वाजवत राहिली. शेवटपर्यंत. मला वाटलं, थकेल. नाही थकली.

मंगळवार, २३ डिसेंबर

स्नेहसंमेलन झालं. सृष्टीनं गाडीत सांगितलं. राजनंदिनी नाचात पुढं होती. गिरकी उलटी घेतली, पाय अडकला, पडली, मागच्या दोघी तिच्यावर. अख्खं मैदान हसलं. बक्षीस गेलं.

मी तर खोडलं होतं!

परतीच्या फेरीला त्या दोघी मागच्या बाकावर. राजनंदिनी एकटी, ड्रायव्हरच्या मागे. काजळ गालभर. मी पास मागितला नाही. नुसतं म्हटलं, खिडकी लावून घे, वारं लागेल. सृष्टी तिच्याकडे जायला उठली होती. राजनंदिनीनं दप्तर शेजारच्या जागेवर ठेवलं. सृष्टी परत येऊन बसली.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ! चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नाही. ह्यांनी पेटीवर एक सूर चुकवला, मी मुद्दाम वळून बघितलं. शेषेराव सहकुटुंब फराळाला आले. टोपी काढून बसले आणि आमेन सगळ्यांच्या आधी म्हणाले.

रविवारी वर्षाची आभाराची उपासना. पाळकसाहेबांनी सृष्टीला सगळ्यांपुढे साक्ष द्यायला सांगितलंय. या वर्षी देवानं तिला कसं सांभाळलं, ते तिच्या तोंडानं. मोठी मोठी माणसं तिथं उभी राहून चाचरतात! तिनं तयारी केलीय. मला म्हणून दाखवली नाही. "रविवारीच ऐका." मला तर आत्ताच झोप येणार नाही!

रविवार, २८ डिसेंबर

सृष्टी आलीच नाही. गाणी झाली, वाचन झालं, तिची वेळ आली, आणि जागा रिकामी!  परत गेली का पोर हातातून? बाहेर येऊन फोन लावला. दबक्या आवाजात बोलली —

"ताई, राजनंदिनीकडं हाय. नाचात पडली तवापासून दार लावून बसली होती, परवापासून जेवली बी न्हाई ती. आत्ता उघडलं. मला म्हणली, आधी तू तुझं म्हण, मग खाते. ठेवते ताई, ती थांबलीय."

आत आले. पाळकसाहेबांनी पुढून विचारलं, "सृष्टीची साक्ष?"

म्हटलं, "चालू आहे."